नळीला आटे कोणी पाडायचे?

एपी केर्नीला कमी ऐकू येते हे आमच्या दरीत सगळ्यांना ठाऊक होते. फक्त नवऱ्याला ठाऊक नाही अशी तिची समजूत होती. डूगल केर्नीचा आवाज गेला आहे हेही सगळ्यांना ठाऊक होते, पण ते लपवण्यासारखे नव्हते. एका डोंगरावर उभे राहून समोरच्या डोंगरावरच्या कुत्र्याला हाकेसरशी माघारी वळवणारा हा माणूस. घशाचे ऑपरेशन झाले आणि त्याच्यापाशी नुसती कुजबुज उरली. नवरा कुजबुजणारा आणि बायको बहिरी, असा जोडा जमला की लोकांना आयता विषय मिळतो. दरीतल्या ओमाकाऊ गावच्या पबमध्ये त्यावर हसणे झालेही. एपीला मात्र हसू येत नव्हते, कारण रोज संध्याकाळी तासभर तरी डूगलचे बोलणे ऐकू येणे ही तिची गरज होती.

त्याचे असे होते. मोठी कुरणे आणि मेंढरे पुतण्याच्या हवाली करून दोघांनी स्वतःकडे घर आणि घरामागचा लसूणघासाचा तुकडा ठेवला होता. लसूणघास म्हटला की ससे आलेच. आमच्याकडे सशाला कोणी गोंडस म्हणत नाही. एक बीळ दुर्लक्षित राहिले की बघता बघता कुरणाची चाळण होते, आणि शेजारी कुंपणावर कोपर टेकून विचारतो, "काय एपी, यंदा सशांचीच लोकर कातरायचा विचार आहे का?"

म्हणून लग्न झाल्यापासून दोघांचा नेम ठरलेला होता. ऊन कलले की जुनी पिकअप गाडी कुरणाच्या कडेला नेऊन उभी करायची. डूगल आत बसणार, काच खाली, गळ्यात दुर्बीण. एपी त्याच्या खिडकीला लागून उभी राहणार आणि बॉनेटवर घडी घातलेल्या पोत्यावर रायफल टेकवणार. तो हळूच सांगणार, "खांबाच्या डावीकडे, काटेरी झुडपाखाली," आणि ती घोडा ओढणार. डोळे त्याचे, बोट तिचे. पूर्वी त्याला एवढ्यासाठी आवाज मुद्दाम दाबावा लागे. आता दाबलेलाच आवाज उरला होता, तेव्हा ह्या एका कामापुरते ऑपरेशनने त्याचे काहीच नेले नव्हते. नेले होते ते बाकी सगळे. पबमध्ये जाणे बंद झाले, मेंढीबाजारात जाणे बंद झाले, फोन वाजला की तो उठून अंगणात जाई. ह्या एका तासातच काय ते कोणीतरी त्याच्या शब्दावर चालत होते.

आणि तो शब्द एपीला ऐकू येईनासा झाला होता. ती नुसती मान हलवायची आणि ससा स्वतःच हुडकायची. कधी तो डावीकडचा सांगायचा आणि ही उजवीकडचा पाडायची. डूगल काही म्हणत नसे.

डोंगरापलीकडे ॲलेक्झांड्रा गावात कान तपासणारी बाई होती. ती म्हणाली, प्रत्येक बार कान थोडा थोडा कुरतडून नेतो आहे; कानावर जाड झाकणे लावा, नाहीतर बंदूक सोडा. झाकणे लावली तर डूगल आणि कुंपणाचा खांब सारखेच बोलतात, हे एपीने एका संध्याकाळी पाहून घेतले. आणि बंदूक सोडायची म्हणजे डूगलला गाडीत एकटे सोडायचे.

उरला सायलेन्सर. आमच्याकडे निम्म्या रायफलींवर तो असतोच. बार झाला तरी शेजारच्या बिळातल्या सशाला पत्ता लागत नाही. पण तो बसवायला नळीच्या तोंडाला आटे हवेत, आणि एपीची पॉइंट टूटू रिमफायर, बारीक गोळीची रायफल, ज्या काळातली, त्या काळी असले लाड नव्हते.

"नवी घे," पुतण्या म्हणाला. "आटे पाडूनच येते. ही म्युझियमला देऊन टाक, काकू."

"तुझ्या काकालाही तिथेच ठेवू का?" एपी म्हणाली.

त्या रायफलीचा दस्ता डूगलने कापला होता. एपीचे हात आखूड. लग्नाचे बोलणे चालू असताना तो एकदा तिच्या बापाच्या शेडमध्ये आला, तिला रायफल खांद्याला लावायला सांगितली, पेन्सिलीने खूण केली, आणि पुढच्या रविवारी दस्ता तिच्या मापाचा करून आणला. अंगठी मागाहून आली. अंगठी आता बोटात शिरत नाही. दस्ता अजून खांद्याला चपखल बसतो.

तेव्हा प्रश्न राहिला एकच: आटे पाडायचे कोणी? हे काम दिसते सोपे. पण नळी बाहेरून कितीही सरळ दिसली तरी जुन्या रायफलीत आतले भोक बरोबर मध्यावर असतेच असे नाही. कारागीर बाहेरचा गोल बघून आटे पाडून मोकळा झाला, तर सायलेन्सर तिरका बसतो, गोळी त्याच्या पोटात घासते, आणि चुकलेले आटे कोणाच्या बापाला परत भरून काढता येत नाहीत.

दरीतल्या सगळ्या बंदुका लॅकी टुलक बघत असे. त्याच्या आधी त्याचा बाप बघत असे. बंदूकवाला बदलणे आमच्याकडे चर्च बदलण्याइतके अवघड. चर्च बदलले तर निदान पाद्री रोज पेट्रोलपंपावर भेटत नाही. आणि लॅकीचे हात कापू लागले होते. कप बशीवर ठेवताना तो वाजायचा. कोणी बघत नाही असे वाटले की तो उजव्या हाताने डावा धरून बसायचा. सगळ्यांनी पाहिले होते, कोणीही बोलले नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे अख्ख्या दरीने मिळून एका माणसाची मूठ झाकून धरली होती. लोक त्याच्याकडे तेलपाणी करायला बंदुका न्यायचे, स्प्रिंगा बदलायला न्यायचे, आणि खरे नाजूक काम असले की पोत्यात गुंडाळून गुपचूप रॅगेडीचा डोंगर ओलांडायचे.

एपीनेही तेच केले. रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, काढून पर्समध्ये टाकला, रायफल लोकरीच्या पोत्यात गुंडाळली, डूगलला "ब्रेड आणते" म्हणून सांगितले आणि ॲलेक्झांड्राला गेली.

तिथे वाइमारी टे आऊ नावाची तरुण बाई जर्दाळू भरायच्या जुन्या शेडमध्ये बंदुकांची कामे करायची. अंगावर तेलाने काळा झालेला एप्रन, केस पेन्सिल खुपसून वर बांधलेले. तिने रायफल घेतली, खिडकीशी नेऊन नळीतून उजेड बघितला. फिरवून पुन्हा बघितला. तिला कसली घाई नव्हती, आणि एपीला ते आवडले.

"सायलेन्सर कशाला हवाय?" वाइमारीने शेवटी विचारले.

"सशांसाठी."

"सशांचं काय, ते मोठ्या आवाजानंही मरतातच. तुम्हाला कशाला हवाय?"

एपी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हा प्रश्न घरच्यांनीसुद्धा विचारला नव्हता. मग जे डॉक्टरपाशी बोलली नव्हती, बहिणीपाशी बोलली नव्हती, ते त्या परक्या पोरीला सांगून मोकळी झाली. "नवऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही गं. मी नुसती मान डोलावते."

वाइमारीने मान हलवली. उगीच "अरेरे" केले नाही. दस्त्याखालची पट्टी अंगठ्याने पुसून तिने तिथली बारीक खूण बघितली. "हे टुलककाकांचं काम. त्यांना ठाऊक आहे, तुम्ही इथे आलात ते?"

एपीने रिकामे पोते पायाने बाजूला सारले.

"तुमच्या दरीतलं प्रत्येक माणूस माझ्याकडे बंदूक पोत्यातनंच आणतं, मावशी."

"मी तुझी मावशी कधी झाले?"

"पोतं सोडलंत तेव्हा." वाइमारी हसली, आणि मग हसू पुसून म्हणाली, "काम मी करीन. चांगलं करीन. पण आधी त्यांना सांगून या. मला ह्या चोरीच्या कामांचा कंटाळा आलाय. बाजारात ते मला बघून दुसऱ्या बाजूला जातात, आणि माझं काय चुकलं ते मला कळत नाही."

पोरगी बरोबर बोलत होती, त्यामुळे एपीला तिचा रागच आला. रायफल पुन्हा पोत्यात घालून ती निघाली. वाटभर तिने वाक्ये जुळवली. "लॅकी, वाईट वाटून घेऊ नकोस." छे. "लॅकी, तुझ्यामागे कामं फार." त्याहून छे.

ओमाकाऊच्या पंपावर पेट्रोल भरायला थांबली, तर समोर लॅकी टुलक उभा. उंच, वाकलेला, डोक्यावर बापाच्या वेळची टोपी. त्याने गाडीत डोकावून पाहिले.

"एपी, लोकरीचं पोतं घेऊन हिंडतेस? एप्रिलमध्ये, थंडीच्या तोंडावर? मेंढ्यांना सांगितलंस का?"

आता सांगायचे. एपीने तोंड उघडले. आणि तोंडातून निघाले ते असे: "तुझ्याकडेच येत होते. रायफलीला आटे पाडायचेत."

"माझ्याकडे? ॲलेक्झांड्राकडनं?"

"ब्रेड घ्यायचा होता."

लॅकीने गाडीत पुन्हा पाहिले. ब्रेड नव्हता. त्याने नुसते दोन्ही हात पुढे केले. एपीने रायफल त्याच्या हातावर ठेवली, बोल्ट दिला, आणि दस्ता पंपाच्या पत्र्यावर टकटक वाजू लागला. दोघेही तो आवाज ऐकत होते आणि दोघेही आकाशाकडे बघून म्हणाले की आज थंडी लवकर पडणार.

घरी डूगल दारातच होता. रायफल घरात नाही हे त्याने केव्हाच पाहिले होते. तिचे रिकामे हात बघून त्याने ओठ हलवले, ते तिने वाचले. "कुणाकडे?"

"लॅकीकडे."

डूगलने तोंडावरून हात फिरवला. "तो बिघडवेल," तो तिच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाला, "आणि आपण म्हणू, वाईट नाही झालं. असंच ना?"

"असंच."

"मग झालं तर," म्हणून तो कुंपण बघायला निघून गेला. कुंपणाला काही झालेले नव्हते.

त्यानंतरच्या संध्याकाळी दोघे गाडी घेऊन कुरणावर जात, पण नुसतेच बसत. पॉपलरची झाडे पिवळी पडली होती, उघड्या खिडकीतून रानओव्याचा वास यायचा. ससे समोर बसून निवांत लसूणघास खायचे. डूगल सवयीने बोट करायचा, एपी सवयीने मान डोलवायची. तिला राहून राहून स्वतःचीच चीड यायची. एका माणसाचा मान राखायला तिने दुसऱ्या माणसाचा तास पणाला लावला होता, आणि दोघांनाही न विचारता.

शेवटी तिला राहवेना. तिने चीज रोल भाजले, भरपूर लोणी लावले, फडक्यात बांधले आणि लॅकीकडे गेली. बोलणे ठरवूनच गेली होती: लसूणघासात ससे फार झालेत, रायफल आहे तशी दे, आटे पुढच्या वर्षी बघू.

लॅकीची शेड उघडी होती. लेथवर चादर घातलेली, तिच्यावर धूळ. भिंतीवरच्या खुंट्यांवर एपीची रायफल नव्हती. बाकावर नव्हती, कोपऱ्यात नव्हती. बिघडवली, आणि आता तोंड दाखवायला नको म्हणून कुठेतरी दडवली. तिच्या डोळ्यांपुढे तो आखूड दस्ता आला.

"लॅकी, माझी रायफल कुठाय?"

"चहा घे आधी." तो चुलीशी पाठमोरा उभा होता.

"चहा मरू दे! बिघडली का? बिघडली असली तर तसं सांग. मी काही म्हणणार नाही."

"तेच तर!" लॅकी गर्रकन वळला. त्याचा आवाज इतका चढला की एपीला प्रत्येक शब्द ऐकू आला. "कुणी काही म्हणतच नाही! सगळ्या दरीला हल्ली फक्त तेल लागतं. एवढं तेल तर बोटीच्या इंजिनालाही लागत नाही. मी काय आंधळा आहे? माझे हात कापतात, एपी. डोळे नाहीत कापत. लोकरीची पोती मोजायची म्हटली तर माझ्या दारावरनं गेल्या वर्षभरात दोन लॉऱ्या भरून गेली असतील."

एपी बाकावर बसली. फडके तिच्या मांडीवरच राहिले.

"मी सांगणार होते," ती म्हणाली. "पंपावर. जिभेवर होतं."

"ठाऊक आहे. तुझं तोंड माशासारखं उघडमीट होत होतं." लॅकी तिच्यासमोर बसला, उजव्या हाताने डावा धरून. ह्या वेळी त्याने तो लपवला नाही. "तुझी रायफल घरी आणली आणि लेथवरची चादर काढली. हा दस्ता डूगलनं कापला तेव्हा पट्टी मी बसवली होती. आठवतं? नळी हातात धरली आणि मनाशी म्हटलं, लॅक्लन टुलक, कुणाच्याही बंदुकीची वाट लाव, हिची लावू नकोस. चादर परत घातली."

"मग?"

"मग काय. पोतं शोधलं."

एपीने त्याच्याकडे पाहिले.

"मीसुद्धा पोत्यातच नेली," लॅकी म्हणाला, आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. "त्या पोरीकडे. तिला आधी भंगारातली एक नळी दिली, म्हटलं ह्याला आटे पाडून दाखव. नळी आतनं वाकडी होती. मी मुद्दाम बोललो नाही. तिनं लेथवर चढवली, फिरवली, सुई लावून बघितली, उतरवली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाली, काका, ह्याच्यावर मी काम करणार नाही, आणि कुणी करून देतो म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका." लॅकीने टोपी मागे सारली. "माझ्या बापानं मला असंच पारखलं होतं. मी पाडले होते आटे. थोबाडीत बसली होती."

"म्हणजे चांगली आहे म्हणतोस."

"वाईट नाही," लॅकी म्हणाला. आमच्या दरीत ह्यापेक्षा मोठे बक्षीस नाही. लोक हे शब्द थडग्यावर कोरून घेतील. "मी बाजूला उभा राहिलो. तिनं केलं. मी एकदाच बोललो, तेही उगीच. आता मंगळवारचा मी तिकडेच असतो. मापं बघायला तिला कुणीतरी लागतं, आणि डोळे आहेत अजून." तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि रायफल घेऊन आला. "पलंगाखाली ठेवली होती. शेडमध्ये ठेवली असती तर कुणीतरी तेलपाणी करून गेलं असतं."

दस्ता तसाच होता. नळीवरची नेम धरायची माशी बोटभर मागे सरकवली होती, आणि तोंडाला बारीक, चकचकीत, एकसारखे आटे होते. सायलेन्सर त्यांवर एपीच्या बोटांनीसुद्धा अलगद फिरत गेला. तिला एकदम रडू आले. रडणे दडवण्यासाठी तिने चीज रोलचे फडके लॅकीच्या हातात कोंबले.

"गार झाले असतील," ती म्हणाली.

"बघू," म्हणून त्याने खाल्ला. "वाईट नाहीत."

त्याच संध्याकाळी गाडी कुरणाच्या कडेला उभी राहिली. डूगलने काच खाली केली, दुर्बीण डोळ्यांना लावली. एपी त्याच्या खिडकीला लागून उभी राहिली. सायलेन्सरसाठी म्हणून मिळणारी, कमी वेगाची नवी गोळी भरली. वारा पडला होता.

डूगलचे बोट उठले. कुठे ते तिला बोटावरून कळले, शब्दांवरून नाही. तिने नेम धरला आणि घोडा ओढला.

कात्री मिटल्याएवढा आवाज झाला. ससा जागच्या जागी आडवा झाला. आणि एपीच्या कानात काही वाजले नाही. एरवी बार झाला की तिच्या कानात किणकिण सुरू व्हायची आणि गोळी भरून होईपर्यंत जग बंद असायचे. आज जग चालूच राहिले. लांब कुठेतरी टिटवी ओरडली. आणि तिच्या खांद्याशी, खिडकीतून, कोणीतरी स्वतःशीच पुटपुटले:

"गुणाची पोर ती माझी."

एपी हलली नाही. "काय म्हणालास?"

"कुठे काय?" डूगलने घाईघाईने दुर्बीण वर केली.

"मी ऐकलं."

डूगलच्या मानेवर लाली चढली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण चोरून जॅम खाताना धरल्यासारखा झाला. त्याने दुर्बीण उगीच पुसली.

"आजच म्हणालास, की आधीही...?"

त्याने दुर्बीण मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "दर वेळी."

"दर वेळी म्हणजे?"

"पहिल्या सशापासनं. बार झाला की तुला काही ऐकू यायचं नाही. म्हणून म्हणून टाकायचो." तो समोर बघत होता. "ऐकू येत असतं तर म्हटलं नसतं."

एपीने रायफलीत दुसरी गोळी भरली. तिला वेळ लागला. अख्ख्या संसारात ह्या माणसाने तिच्या स्वयंपाकाला, तिच्या नेमाला, तिच्या कशालाही "वाईट नाही" ह्यापलीकडे शब्द दिला नव्हता, आणि इकडे रोज संध्याकाळी तो तिच्या बहिऱ्या कानात ओतत आला होता.

"दुसरा कुठाय?" तिने विचारले.

"खांबाच्या उजवीकडे. दगडाला लागून. कान दिसतायत."

शब्दन् शब्द ऐकू आला. तिने नेम धरला. समोरचा खांब, दगड, दोन कान, सगळे पाण्यातून बघावे तसे हलत होते. तिने घोडा ओढला. गोळी दगडाच्या पार पलीकडे धुळीत गेली, आणि ससा उड्या मारत बिळात शिरला.

एपी तशीच उभी राहिली. खिडकीतून काही आवाज येईना. ती वाट बघत राहिली.

डूगलने घसा साफ केला. त्याच्यापाशी जेवढा म्हणून आवाज उरला होता तेवढा गोळा करून, समोरच्या डोंगरावरच्या कुत्र्यालाही ऐकू जावे अशा बेताने तो म्हणाला, "गुणाची पोर ती माझी."